पळी मोडलेली अन्नपूर्णा

आमच्या घरात देव वडिलांकडून मुलाकडे येत आणि अन्नपूर्णा आईकडून मुलीकडे जाई. देव घरबशे, अन्नपूर्णा फिरतीवरची. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाजूचे देव विदर्भातून रेल्वेच्या नोकरीबरोबर रायपूरला आले ते कायमचेच: एक शाळिग्राम, एक बाळकृष्ण आणि कुलस्वामीचा टाक. अन्नपूर्णा मात्र आईच्या लग्नात गौरीहरावर बसून आली. लग्न लागण्याआधी मुलीला गौरीहरापुढे बसवतात, ती तांदूळ वाहत अन्नपूर्णेची पूजा करते आणि मग तीच मूर्ती घेऊन सासरी जाते. ही रीत आता फोटो काढण्यापुरती उरली असली तरी माहीत सगळ्यांना आहे. आईला तिच्या आईने दिली, तिला तिच्या आईने. त्यापलीकडे आईच्या माहेरची माणसं नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आली असं सांगत. फौजेत ती काय करत होती हे कोणी सांगत नसे. त्यावरून मी समजते की स्वयंपाक करत असावीत.

बाजारात मिळते ती अन्नपूर्णा मांडी घालून बसलेली असते आणि तिने पळी आडवी धरलेली असते. आमची तशी नव्हती. आमची एक पाय दुमडून आणि एक खाली सोडून बसली होती. डाव्या हातात एक दांडा, खांद्यापाशी मोडलेला. उजवा हात गुडघ्यावर, तळवा उघडा आणि आपल्याकडे केलेला. या सगळ्याचा उलगडा आईच्या माहेरी फार पूर्वीच झालेला होता. दांडा म्हणजे पळीचा दांडा. पळीची वाटी कुठल्याशा पणजीच्या हातून घासताना मोडली. पाय खाली सोडलेला, कारण स्वयंपाकघरातल्या बाईला केव्हाही उठावं लागतं. आणि उघडा तळवा म्हणजे, झालं, संपलं, आता भांड्यात काही नाही. मूर्तिशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मी पुढे वाचले, पण इतकं पटणारं स्पष्टीकरण त्यांत आढळलं नाही. नाक मात्र जवळपास उरलं नव्हतं. दर सणाला चिंच आणि राख लावून घासल्यावर कोणाचंही नाक झिजेल. पाठीवर काहीतरी बारीक कोरलेलं होतं, मुंग्यांची रांग चालावी तसं. त्या खाचांत काळं साचतं म्हणून आई तिथे नारळाच्या शेंडीने जास्तच जोर लावून घासायची.

आम्ही तात्यापाऱ्यात भाड्याच्या घरात राहत होतो; पारा म्हणजे तिकडे मोहल्ला. पुढे एक खोली, मागे एक, मधल्या अंधाऱ्या जागेत स्वयंपाक आणि देवघर शेजारी शेजारी, त्यामुळे देवांना फोडणीचा पहिला ठसका बसे. अंगणात पेरूचं झाड होतं, त्याचे पेरू शेजारचे खात. सकाळी आधी नळाचा आवाज येई, मग अण्णांच्या गुळण्यांचा, मग भाजीवालीचा. ती "ले न दाई, ताजा भाजी" म्हणत दारात टोपली उतरवायची आणि आई तिच्याशी छत्तीसगढीत मनसोक्त भांडायची. आईच्या बोलण्यात 'हो'च्या जागी 'हव' असे, अण्णांचं मले-तुले वऱ्हाडी, आम्ही दोघी बहिणी शाळेत हिंदी बोलायचो, आणि घरात या सगळ्याचा काला होता. ताई, म्हणजे कुमुद, माझ्याहून बरीच मोठी. प्राथमिक शाळेत शिकवायची. रंगाने सावळी, उंच, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलण्याची तिला वाईट सवय होती. तिला आतापर्यंत बरेच जण पाहून गेले होते. पोहे सगळ्यांना आवडले होते.

चैत्रात अन्नपूर्णेची चैत्रगौर होते. आई तिला लहानशा पितळी झोपाळ्यात बसवायची, समोर कलिंगडाची कमळं कापून मांडायची आणि पाऱ्यातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची. कैरीची डाळ वाटायचं काम माझ्याकडे. हरभऱ्याची डाळ फार बारीक वाटली तर पिठलं होतं आणि जाड राहिली तर म्हाताऱ्या बायकांच्या दातांत अडकते. मधलं काही तरी साधण्यात माझी दुपार जायची. रायपूरच्या चैत्रात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, म्हणून बायका ऊन उतरल्यावर यायच्या, पन्ह्याचे पेले रिकामे करायच्या आणि ओटीत हरभरे घेऊन जायच्या. त्या वर्षी कोणाच्या तरी ओळखीने समता कॉलनीतल्या एक काकू आल्या. अबोल बाई. गौरीला हळदकुंकू वाहिलं, डाळ खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली आणि निघताना म्हणाल्या, "आमच्या घरी अशा पुष्कळ आहेत. पण सगळ्या कपाटात. झोपाळ्यात कोणी बसवत नाही."

त्याच आठवड्यात त्यांचे यजमान आले.

दादासाहेबांना मी आधी ऐकलेलं होतं. गणेशोत्सवात त्यांचं व्याख्यान असे. विषय दर वर्षी नवा जाहीर होई आणि दर वर्षी तोच निघे: आपली प्राचीन संस्कृती आणि तिच्यापुढे जगाने घातलेलं लोटांगण. विमानं आपल्याकडे होती, शस्त्रक्रिया आपल्याकडे होती, अणूसुद्धा आपण आधी फोडून ठेवला होता. पूर्वजांना सगळं माहीत होतं. फक्त ते कुठे ठेवलंय हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ते शोधून काढण्याची जबाबदारी दादासाहेबांनी शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर अंगावर घेतली होती. महानदीच्या काठची गावं ते बसने फिरत. जाताना पिशवी हलकी असे, येताना जड. समता कॉलनीतल्या त्यांच्या बंगल्याच्या कुंपणभिंतीत दगडी मूर्तींची डोकी सिमेंटने बसवलेली होती. शहरात त्यांना संशोधक म्हणत. गावांत काय म्हणत ते मी पुष्कळ नंतर ऐकलं. ते छापण्यासारखं नाही.

आमच्या दारात पाय ठेवतानाच त्यांनी उंबरठ्याचं शास्त्रीय महत्त्व सांगून टाकलं. मग पंख्याखाली बसून तुळशीचं, तांब्याच्या भांड्याचं आणि आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचंही सांगितलं. अण्णा माना डोलवत होते. शेवटी दादासाहेब आईला म्हणाले, "वहिनी, आपली गौर पाहायला मिळेल का? आमच्या मंडळींनी फार वाखाणली."

पुरुषमाणूस चैत्रगौर पाहायला येतो हे आईला नवीन होतं, पण तिने नेलं. मी दिवा धरला. दादासाहेब झोपाळ्यापुढे वाकले आणि गप्प झाले. ज्या माणसाला उंबरठ्यावर इतकं सुचलं होतं त्याला देवीपुढे एक शब्द सुचेना. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"साधीच आहे," म्हणाले. "पण सुबक. पाठ पाहू का जरा?"

"गौर झोपाळ्यात बसली का उतरवत नाहीत," आई म्हणाली.

"बरोबर, बरोबर. त्यालाही शास्त्र आहे," दादासाहेब म्हणाले, पण ते कोणतं हे या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

ते गेल्यावर आई बराच वेळ पन्ह्याचा पेला हातात धरून उभी होती. "काय व सुमे," ती मला म्हणाली, "साधी वस्तू पाहाले कोणी चष्मा पुसते का?"

यानंतर फार दिवस गेले नाहीत आणि मागणी आली. मुलगा विनायक, दादासाहेबांचा थोरला, भिलाईला इंजिनिअर. अण्णांचा विश्वास बसेना. आजवर आमच्याकडे आलेली माणसं आधी ताईचा रंग पाहत आणि मग अण्णांची ऐपत, आणि दोन्हीकडे निराश होत. इथे दोन्हीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पाहण्याच्या दिवशी दादासाहेबांनी ताईला तिचं शिक्षण विचारलं नाही, शाळा विचारली नाही, गाता येतं का हेही विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात घेतली आणि देवघराच्या दाराकडे पाहत म्हणाले, "मुलगी पसंत आहे." अण्णांचे डोळे भरून आले. मी दादासाहेबांची नजर जिथे होती तिथे पाहिलं. तिथे ताई नव्हती.

विनायक मात्र मला त्या दिवशी बरा वाटला, हे लिहिलं पाहिजे. गोरा, सडपातळ, मराठी सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत द्यायचा. ताईने त्याला विचारलं, कारखान्यात काय काम करता, तर त्याने भट्टी कशी पेटते ते हातवारे करून सांगितलं आणि सांगताना त्याचा कप कलंडला. ताई हसली. तिला असं पाहुण्यांपुढे हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. नंतर तो एकदा भिलाईहून येताना घरी डोकावून गेला आणि अंगणातल्या पेरूखाली दोघं उभ्या उभ्या बोलली. त्या रात्री ताईने शिकेकाई भिजत घातली. एवढ्यावरून काय समजायचं ते मला समजलं.

जाताना दादासाहेबांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले होते. "आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी. आपली परंपरा आपण नाही जपायची तर कोणी? फक्त सगळं रीतीप्रमाणे व्हावं. गौरीहर, घरातली अन्नपूर्णा, जुन्या पद्धतीनं." अण्णा म्हणाले, एवढंच ना. आई दारामागे होती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि वाचनालयात जाण्याची मला परवानगी होती, कारण तिथे पंखे होते. तिथल्या कपाटात मूर्तिकलेवरचं एक जाड हिंदी पुस्तक होतं, चित्रं काळी-पांढरी, अर्धी पानं वाळवीने वाचलेली. त्यात महानदीकाठच्या सिरपूरकडे सापडलेल्या धातूच्या मूर्तींची छायाचित्रं होती. एका पानावर आमची अन्नपूर्णा बसली होती. आमची नव्हे, तिची सख्खी बहीण म्हणा. तोच खाली सोडलेला पाय, तोच उघडा तळवा. हातातला दांडा मात्र शाबूत होता आणि त्याच्या टोकाला पळी नव्हती, कमळ होतं. खाली नाव होतं: तारा. बौद्धांची देवी, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीची. तळवा उघडा आहे तो काही देण्यासाठी, संपलं म्हणून नव्हे, असंही लिहिलं होतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि सायकल दामटत घरी आले.

आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आई, आपली अन्नपूर्णा अन्नपूर्णा नाही."

"मग कोण होय?"

"तारा. बौद्धांची आहे. विहारातली."

आईने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "एवढ्या पिढ्या हाक मारून राहिलो. एकदा तरी म्हणाली का, मी ते नव्हे?"

"तसं नाही व आई. लई जुनी आहे. लई किमती. दादासाहेबांना माहीत आहे."

"हव," आई म्हणाली. "ते मले त्याच्या चष्म्यानंच सांगितलं."

आता इतक्या वर्षांनी, परवा नव्या रायपूरला एका मोठ्या सभागृहात गेले होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आग्रह केला, गाडी पाठवली. नाहीतर त्या भल्या रुंद रस्त्यांवर माझ्या वयाच्या बाईला बस सापडत नाही. विषय होता आपला प्राचीन वारसा. पडद्यावर मूर्ती चमकत होत्या, मागे शंखध्वनी, वक्ते दर वाक्याला 'हमारी पाँच हज़ार साल की सभ्यता' म्हणत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, गुडघ्यांसारखीच बोटंही दुखतात. पण बसल्या बसल्या एक विचार आला. ज्या बायांनी ती देवी विहार ओस पडल्यावर उचलून घरी नेली, तिला भात दाखवला, नाव चुकीचं ठेवलं आणि मुलीच्या हाती पुढे सोपवली, त्यांना आपण वारसा वगैरे सांभाळतोय हे ठाऊक नव्हतं. कदाचित म्हणूनच तो सांभाळला गेला. ठाऊक असलेली माणसं त्याची डोकी कुंपणात बसवतात.

तेव्हा पुढच्या बैठकीला लग्नाची तारीख ठरवायची होती. दादासाहेब आले, काकू आल्या, एक गुरुजी आले. आईने चहा दिला आणि दारातच उभी राहून अगदी सहज म्हणाली, "एक विचारायचं होतं. आमची अन्नपूर्णा फार झिजली हो. नाक नाही, पळी नाही. नव्या घरी पोरीसोबत अशी बरी नाही दिसत. म्हटलं, मोडीत देऊन नवी घडवून घ्यावी का? तांबटानं हो म्हटलं आहे."

दादासाहेबांच्या बशीत चहा सांडला. "छे छे छे! वहिनी, असं करू नका! म्हणजे, भावना असते. जुनी म्हणजे जुनी. मोड नाही हं, मोड अजिबात नाही!" त्यांचा आवाज व्याख्यानातल्यासारखा चढला होता. गुरुजींनी पंचांगातून मान वर केली. काकू मात्र बशीवरच्या चकलीचा तुकडा मोडत खाली पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला वाटतं त्यांनी हा आवाज आधी पुष्कळदा ऐकला होता.

तारीख ज्येष्ठातली निघाली. अण्णा दुसऱ्याच दिवशी पंडरीच्या कापडबाजारात जाऊन साड्या घेऊन आले. आईने गठ्ठा सोडला नाही, कोपऱ्यात तसाच ठेवला, आणि त्या संध्याकाळी त्यांचं भांडण झालं. आमच्या घरात भांडण हळू आवाजात होई, कारण भिंतीपलीकडे घरमालक.

"तुमाले दिसून नाही राहिलं?" आई म्हणत होती. "त्याले पोट्टी नको आहे. त्याले ते मूर्ती पाहिजे."

"मग?" अण्णा म्हणाले. "मूर्तीसाठी येवो का पोरीसाठी, येऊन तर राहिले ना? आजपर्यंत कोण आलं? सांग. तुझी मूर्ती तशीबी तिच्यासोबतच जाणार होती. काहून खोडा घालून राहिली?"

अण्णा वाईट नव्हते. त्यांनी ताईसाठी इतक्या जणांचे नकार पोस्टकार्डावर वाचले होते की होकार कशासाठी आला हे पाहण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पण ताई मधल्या दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं. तिच्या हातात कणकेचा गोळा होता. तो तिने परातीत ठेवला, हात धुतले आणि म्हणाली, "मी विचारते."

"कोणाले?"

"ज्यायले सून पाहिजे त्यायले."

अण्णा उठून उभे राहिले. लग्नाआधी मुलगी सासरी जाऊन काय विचारणार, लोक काय म्हणतील, ठरलेलं मोडेल. त्यांचं सगळं बरोबर होतं. ताईही ते जाणून होती. तरी म्हणाली, "मोडलं तर मोडू द्या. आयुष्यभर मले तिच्याकडे पाहून वाटत राहीन, का हिच्यामागून आलो आपण. ते नाही होणार माझ्यानं."

आईने देवघरातून मूर्ती काढली, पदराने पुसली, एका खणात गुंडाळली आणि ताईच्या हातात दिली. "तुझीच आहे. तुझी वस्तू तू कुठं नेशील, मी कोण विचारणारी? सुमीले संग ने."

रविवारची सकाळ होती, विनायक घरी असण्याचा दिवस. समता कॉलनीपर्यंत सायकलरिक्षाने जाईतो ऊन तापलं होतं. ताईने मूर्ती मांडीवर धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. फाटकाशी उतरताना मला म्हणाली, "केस नीट आहेत ना व माझे?" मी म्हटलं, आहेत.

दिवाणखान्यात तिघंही होती. दादासाहेब आरामखुर्चीत, विनायक वर्तमानपत्र घेऊन, काकू शेंगा सोलत. भिंतीवर काचेच्या कपाटात देवच देव, प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी. धूळ नव्हती, फूलही नव्हतं. आम्हाला पाहून सगळे गडबडले. ताईने नमस्कार केला, खण सोडला आणि मूर्ती समोरच्या तिपाईवर ठेवली.

"ही ठेवून घ्या, दादासाहेब," ती म्हणाली. "आजच. आईची परवानगी आहे. आता ही तुमची झाली. आता लग्नाचं बोलू. मी पाहिजे का नको ते सांगा."

विनायकने वर्तमानपत्राची घडी घातली. दादासाहेबांनी ताईकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि सगळ्यात आधी उलटी करून तिची पाठ पाहिली. चष्मा कपाळावर चढवला, मुंग्यांच्या त्या रांगेवरून अंगठा फिरवला. काकूंच्या हातातल्या शेंगा थांबल्या होत्या. मग, मला वाटलं नव्हतं, त्यांनी मूर्ती परत तिपाईवर ठेवली.

"नाही, नाही. अशी नको," ते म्हणाले.

क्षणभर मला माझीच लाज वाटली. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. दादासाहेब खुर्चीत मागे रेलले आणि सभेत बोलावं तसं बोलू लागले. "अशी घेतली तर ती नुसती वस्तू झाली. ही आली पाहिजे गौरीहरावरून, अग्नीच्या साक्षीनं, गृहलक्ष्मीबरोबर. अगं, आता कायदे फार आलेत. कुठून आणली, कोणी दिली, हजार प्रश्न. सुनेबरोबर माहेरून आलेल्या अन्नपूर्णेला कोण काय विचारणार? आपल्या पूर्वजांनी योजना कशी करून ठेवलीय बघ!"

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग जसा आला तसा गेला. ती वळली. "अन् मी हिच्याशिवाय आली तर?" हे तिने विनायकला विचारलं.

विनायकने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग घडी घातलेल्या वर्तमानपत्राकडे. "अब इसमें मैं क्या बोलूँ," तो म्हणाला. "बाबूजी जैसा ठीक समझें."

पंखा फिरत होता. बाहेर कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. ताईने मूर्तीवर खण टाकला, नीट गाठ मारली.

"ठीक," ती म्हणाली. "मग असं करू. माझ्यासोबत गोलबाजारातली नवी येईन. नाकबी राहीन तिले, पळीबी राहीन. ही आमच्या सुमीले. आईले दोन पोरी आहेत, थोरलीलेच द्यावी असं कुठं लिहिलं नाही."

दादासाहेब ताडकन पुढे झुकले. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि मी त्या खोलीत आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. चष्मा कपाळावरून उतरवला, सोग्याने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"सुमन ना तू?" त्यांनी फार मायेने विचारलं. "कितव्या वर्षाला आहेस, बाळ? आमचा धाकटा श्रीपाद जबलपूरला शिकतोय. पाहिला नसशील."

"अहो!" काकू म्हणाल्या. त्या घरात त्यांनी काढलेला तो पहिला शब्द होता, आणि तो पुरला. त्या उठल्या, आतून कुंकवाचा करंडा आणला, आधी ताईला लावलं, मग मला. ताईच्या हातातल्या खणावरही एक बोट टेकवलं. "निघा पोरींनो," हळूच म्हणाल्या. "ऊन चढतं."

परतीच्या रिक्षात ताई पहिल्या वळणापर्यंत सरळ बसून होती. मग हसायला लागली. इतकी हसली की रिक्षावाला पायडल थांबवून मागे पाहू लागला. "चला भैया, कुछ नहीं," ताई त्याला म्हणाली आणि पुन्हा हसली. वाटेत कधी तरी ते हसणं हसणं राहिलं नाही, पण मी तिकडे पाहिलं नाही. बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले. तलावाजवळ आल्यावर तिने नाक पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मले वाटलं होतं, तो तरी उठीन."

ताईचं लग्न पुढे झालं, दुसऱ्या माणसाशी, दुसऱ्या कारणासाठी. तो या प्रकरणाचा विषय नाही. मूर्तीची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे. ती सध्या कोणाच्या घरी भात खाते हे मी लिहिणार नाही, कारण वाचकांत कोण कोण असतं ते सांगता येत नाही.

आम्ही उतरलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने आधी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या खणाकडे.

"काय म्हणाले?"

ताईने चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावल्या. "सुमीले मागणी घातली," ती म्हणाली.

आई पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबला. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मागोमाग अण्णांचा, अगदी गंभीर:

"पोरगा काय करते?"